पुढचे नाव कोणते? आधी शेवटचे अक्षर पाहा

आमच्या घरच्या मांडणीवरची भांडी ओळीने वाचत गेले, तर जवळपास शंभर वर्षे वाचून होतात. सर्वांत वरच्या पितळी घागरीवर टोच्याने ठोकून काढलेले 'सौ. भागीरथीबाई' आहे, स्टीलच्या उभ्या डब्यावर 'चि. सुरेश याच्या बारशानिमित्त' आहे, फुलपात्रावर 'चि. अमोल' आहे आणि अगदी अलीकडच्या वाटीवर 'चि. रेयांश'. ही शेवटची वाटी घ्यायला मी भांड्यांच्या दुकानात गेलो होतो, तेव्हा मशीनने नाव टाकून देणाऱ्या गृहस्थांनी माझी चिठ्ठी वाचूनही पुन्हा विचारले, "रेयांश का रियांश? परवाच एक रियांश टाकलाय." मग मान खाली घालून काम करता करता ते म्हणाले, "पूर्वी विचारावं लागत नव्हतं. सुरेश म्हणजे सुरेश."

दरवर्षी नवे साल उजाडले, की 'यंदा कोणती नावे गाजणार' अशा याद्या मोबाइलवर फिरू लागतात आणि ज्या घरात पाळणा हलायचा आहे तिथे त्या गांभीर्याने वाचल्या जातात. असा अंदाज खरोखर बांधता येतो का, हा प्रश्न गमतीचा वाटला तरी त्यावर समाजशास्त्रज्ञांनी आणि अर्थशास्त्रज्ञांनी बरेच काम केले आहे. नेमके नाव सांगणे फार अवघड असते. नावाची लांबी, त्याचा नाद आणि विशेषतः त्याचा शेवट यांची दिशा मात्र बऱ्यापैकी सांगता येते, असे त्या कामातून दिसते.

फॅशन मोजायची कशी?

एका वर्षी जन्मलेल्या मुलांपैकी किती जणांना एक विशिष्ट नाव मिळाले, हे प्रमाण वर्षागणिक वाढत असेल तर ते नाव चढते आहे आणि घटत असेल तर उतरते आहे, इतकी साधी व्याख्या इथे पुरते. अमेरिकेत सामाजिक सुरक्षा प्रशासन हे सरकारी खाते अशी यादी दरवर्षी जाहीर करते आणि तिच्यात १८८० पासूनच्या जन्मांची नावे सापडतात. वर्षभरात पाचपेक्षा कमी बाळांना मिळालेले नाव मात्र खासगीपणा जपण्यासाठी वगळले जाते. या यादीत जेनिफर हे मुलींचे नाव १९७० ते १९८४ अशी सलग पंधरा वर्षे पहिल्या क्रमांकावर होते. आज तिकडे जेनिफर म्हटले, की पन्नाशीच्या आसपासची बाई डोळ्यांसमोर येते, जशी आपल्याकडे सुनीता म्हटल्यावर येते.

अभ्यासकांना नावांचे एवढे आकर्षण का, याचे उत्तर हार्वर्ड विद्यापीठातील समाजशास्त्रज्ञ स्टॅन्ली लिबरसन यांनी दिले होते. कपड्यांची फॅशन बदलते तेव्हा त्यामागे गिरणी, व्यापारी, जाहिरात आणि किंमत असते, त्यामुळे लोकांची खरी आवड किती आणि दुकानदाराची हातचलाखी किती हे वेगळे काढता येत नाही. नाव मात्र फुकट असते. रेयांश ठेवल्याने सुरेशपेक्षा एक पैसाही जास्त लागत नाही, आणि रेयांश खपावा म्हणून कोणी फलक लावत नाही. त्यामुळे नावांच्या चढउतारात निव्वळ आवड कशी बदलते ते दिसते.

आपल्याकडे जन्मनोंदणी १९६९ च्या कायद्याने सक्तीची आहे, २१ दिवसांत नोंद करायची असते आणि बाळाचे नाव त्या नोंदीत नंतरही घालता येते. परंतु त्या नावांची क्रमवारी लावून देशाची यादी जाहीर करण्याची पद्धत नाही. आपल्याला शाळेच्या हजेरीपत्रकावर भागवावे लागते, किंवा लग्नपत्रिकेच्या तळाशी 'आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं!' या ओळीखाली छापलेल्या चिमुकल्यांच्या नावांवर. जुन्या पत्रिका साठवून ठेवणारे एखादे घर सापडले, तर संशोधकाने तिथे चहाला जरूर जावे.

"अक्षर तर पत्रिकेवरून येते, मग फॅशन कुठली?"

हा पहिला आक्षेप आणि तो रास्त आहे. चंद्र एका नक्षत्रात साधारण एक दिवस असतो, प्रत्येक नक्षत्राचे चार चरण धरतात आणि सत्तावीस नक्षत्रांच्या १०८ चरणांना एकेक अक्षर नेमून दिलेले आहे. अश्विनीला चू, चे, चो, ला आणि कृत्तिकेला अ, ई, उ, ए. बाळ कोणत्या घटकेला जन्मेल हे नशिबाचे असल्यामुळे सगळ्यांनी हा नियम काटेकोर पाळला, तर ही अक्षरे मुलांमध्ये जवळपास सारखी वाटली जातील.

आता कोणत्याही बालवाडीचे हजेरीपत्रक उघडून पाहावे. 'अ' हे अक्षर १०८ चरणांपैकी एकट्या कृत्तिकेच्या पहिल्या चरणाचे आहे. त्या हिशेबाने चाळीस मुलांचे अडीच-तीन वर्ग एकत्र केले, तर अ किंवा आ ने सुरू होणारे एखादे नाव निघायला हवे. प्रत्यक्षात एकाच वर्गात आरव, अथर्व, आर्या, अनन्या, अद्वैत, आरोही, अर्णव अशी रांग लागते आणि बाईंना हजेरी घेताना पहिले पानभर आ वासावा लागतो. याचा अर्थ राशीचे नाव कुंडलीत राहते, आणि आत्या बाळाच्या कानात 'कुर्र' करून जे सांगते ते बहुतेक घरांत आधीच आवडीने ठरलेले असते.

जी घरे अक्षर पाळतात त्यांच्याकडूनही आपल्याला मोलाची माहिती मिळते. पहिले अक्षर त्यांच्या हातात नसते, म्हणून त्यांची आवड नावाच्या उरलेल्या भागात उतरते. द आला तर देवांश, श आला तर शिवांश, र आला तर रेयांश. पहिल्या अक्षरावर नियतीची आणि शेवटच्या अक्षरावर पिढीची सही असते, असे म्हटले तरी चालेल. आधी शेवट पाहा असे मी म्हणतो ते याचसाठी.

मागाचा खटका

मागावर विणलेले कापड ज्या रुळावर गुंडाळले जाते, त्याच्या टोकाला दाते असलेले एक चाक असते आणि त्या दात्यांत एक खटका अडकलेला असतो. चाक एकेक दाता पुढे सरकते, पण खटक्यामुळे मागे फिरू शकत नाही. ज्यांचे बालपण सोलापुरात मागांच्या खडखडाटात गेले, त्यांना हे सांगावे लागणार नाही. लिबरसन यांनी फॅशनच्या चालीला नेमकी याच यंत्रणेची उपमा दिली होती. आवड एका दिशेने थोडी सरकते, पुढची पिढी तिथून आणखी थोडी सरकते, आणि आधीच्या दात्यावर परत जाणे जुनाट वाटते म्हणून कोणी जात नाही. त्या दिशेला सरकायला जागाच उरली नाही, की मग दिशा बदलते.

आपल्या सोलापूरच्या ग्रामदैवताच्या नावावरच हे पाहता येते. बाराव्या शतकातील शिवयोगी सिद्धरामेश्वरांवरून या शहरात पिढ्यान्‌पिढ्या नावे ठेवली गेली आहेत. पणजोबांच्या वयाचे लोक सिद्राम किंवा सिद्धप्पा होते. नंतर 'अप्पा' गळाले आणि पूर्ण संस्कृत रूपातला सिद्धेश्वर आला. पुढे 'ईश्वर' जड वाटू लागला आणि सिद्धेश उरला. आता कानावर येतो तो सिद्धांश. घरातली भक्ती तितकीच आहे, संक्रांतीच्या अक्षता सोहळ्याला तेच कुटुंब त्याच उत्साहाने जाते, गड्ड्याच्या यात्रेत फिरते, आणि तरीही नाव दर पिढीला एक दाता पुढे सरकलेले असते. सिद्धेश नावाच्या बापाने मुलाचे नाव सिद्धप्पा ठेवल्याचे मी तरी पाहिलेले नाही.

हेच शहराच्या पूर्व भागातल्या तेलुगू घरांत 'अय्या' आणि 'अम्मा' यांचे झाले, कन्नड घरांत 'अप्पा' आणि 'अव्वा' यांचे झाले आणि मराठी घरांत 'राव' आणि 'बाई' यांचे झाले. तीन भाषांची माणसे एकमेकांना विचारून हे करत नव्हती, पण शेपटी कापण्याची कात्री सगळीकडे एकच होती.

"हे सगळे सिनेमा आणि क्रिकेटमुळे होते"

अंशतः खरे, पण लोक समजतात तितके नाही. सचिनचे उदाहरण नेहमी दिले जाते. सचिन तेंडुलकर पहिला कसोटी सामना खेळला १९८९ मध्ये. आज पन्नाशी ओलांडलेले जे असंख्य सचिन आपल्याला कार्यालयांतून भेटतात, त्यांची बारशी त्याच्या कितीतरी आधी झाली होती. खुद्द त्याचे नाव संगीतकार सचिनदेव बर्मन यांच्यावरून ठेवलेले. नाव आधीच चढत होते, त्याने त्याला जोर दिला.

लिबरसन यांचेही म्हणणे असेच होते, की प्रसिद्ध माणसाचे नाव तेव्हाच पसरते जेव्हा ते चालू नादात बसते. २०११ मध्ये जन्मलेल्या बच्चन कुटुंबातील मुलीचे नाव आराध्या ठेवले गेले, ते श्रेया, आर्या, अनन्या यांच्या पंगतीत सहज बसले. विराट कोहलीच्या मुलाचे अकाय हे नाव २०२४ मध्ये देशभर गाजले, पण मला अजून एकही अकाय भेटलेला नाही.

बातम्यांतली नावे याहून अल्पजीवी असतात. २०१९ मध्ये हवाई दलाच्या वैमानिकाच्या सुटकेनंतर काही बाळांची नावे अभिनंदन ठेवली गेली आणि २०२५ च्या मे महिन्यात काही मुलींचे नाव सिंदूर ठेवल्याच्या बातम्या आल्या. अशी नावे एका आठवड्यात उगवतात, पण पुढच्या वर्षीचे आईबाप ती उचलत नाहीत, कारण त्यांच्यावर तारखेचा शिक्का असतो.

बातमीचा खरा परिणाम नादावर होतो, हे दाखवणारा एक विलक्षण अभ्यास आहे. २००५ मध्ये अमेरिकेत कतरिना चक्रीवादळाने हाहाकार उडवला. त्यानंतर कतरिना हे नाव ठेवणारे कमी झाले, जे कोणालाही अपेक्षित असेल. पण जोना बर्गर आणि सहकाऱ्यांना असे आढळले, की 'क' या ध्वनीने सुरू होणारी इतर नावे सुमारे ९ टक्क्यांनी वाढली. तो आवाज महिनोन्‌महिने कानांवर पडत राहिला, ओळखीचा झाला आणि ओळखीचे ते बरे वाटू लागले. आपल्याला नाव 'सुचते' तेव्हा ते असे कुठून तरी आलेले असते.

सिनेमाचा परिणामही अनेकदा उशिरा दिसतो. १९८४ च्या एका अमेरिकी चित्रपटातील जलपरी रस्त्याच्या नावावरून स्वतःला मॅडिसन म्हणवून घेते. तोवर हे मुलींचे नाव जवळजवळ नव्हतेच. २००१ मध्ये ते मुलींच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर होते.

"आम्ही मुद्दाम वेगळे नाव शोधले, तरी वर्गात तिघी कशा?"

सोलापूरच्या चाटी गल्लीतल्या कोणत्याही साडीच्या दुकानात तासभर बसले, तर याचे उत्तर मिळते. येणारी प्रत्येक बाई म्हणते, "जरा वेगळं दाखवा," आणि दुकानदार न गोंधळता त्याच एका थप्पीला हात घालतो. कारण प्रत्येकीचे 'वेगळे' एकाच गोष्टींपासून वेगळे असते: सासूबाईंसारखे नको, जावेने घेतलेले नको, आणि अगदी विचित्रही नको. एवढी कुंपणे घातल्यावर मधे उरते ती जागा चिंचोळी असते आणि सगळ्या तिथेच येऊन भेटतात.

नावांचे तंतोतंत तसेच आहे. एका वयाचे आईबाप त्याच पिढीतली नावे टाळतात, त्याच मालिका पाहतात, तेच शब्द मोबाइलवर शोधतात. मायरा सापडली तेव्हा ती आपल्यालाच सापडली असे वाटते, आणि बालवाडीच्या पहिल्या दिवशी मायरा, आयरा आणि कायरा एकाच बाकावर बसलेल्या असतात.

झटकन चढलेले नाव झटकन उतरते, हेही दिसून आले आहे. जोना बर्गर आणि गेल ल मॉन्स यांनी फ्रान्स आणि अमेरिकेतल्या सुमारे शंभर वर्षांच्या नावांचा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध केला. जी नावे हळूहळू लोकप्रिय झाली ती हळूहळूच गेली, आणि जी उसळली ती कोसळली. मूल होऊ घातलेल्या आईबापांना विचारले असता, उसळलेली नावे त्यांना चार दिवसांची वाटत होती. गड्ड्याच्या यात्रेत एका वर्षी प्रत्येक पोराच्या हातात दिसलेले खेळणे पुढच्या वर्षी कोणी उचलत नाही, त्यातला प्रकार.

जुनी नावे परत येतात का?

येतात, पण मधल्या दोन पिढ्या जाऊ द्याव्या लागतात. आईवडिलांच्या वयाची नावे शिळी वाटतात, आजी-आजोबांची म्हातारी वाटतात आणि पणजीचे नाव, जे कोणी हाक मारताना ऐकलेलेच नसते, ते नवे वाटते. रमा, राधा, मीरा, मुक्ता, जानकी, राघव आता पुन्हा पाळण्यात दिसतात. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की परतताना ती एकटीच येतात. रमाबाईतली रमा आली, बाई आली नाही. खटका तिथेही काम करतो.

आपल्याकडे एक खास अडथळा आहे. दिवंगत आजोबांचे नाव नातवाला ठेवण्याची रीत अनेक घरांत आहे, परंतु त्या नावाने नातवावर ओरडणे घरातल्या सुनेला जमत नाही. म्हणून ते नाव पाळण्यापुरते राहते आणि हाकेला दुसरे येते. कागदावर विठ्ठल आणि गल्लीत विहान, अशी मुले सोलापुरात कमी नसावीत.

मग संगणकाला का सांगता येऊ नये?

२००५ मध्ये अर्थशास्त्रज्ञ स्टीव्हन लेविट आणि पत्रकार स्टीफन डबनर यांनी असा प्रयत्न जाहीरपणे केला होता. कॅलिफोर्नियातील नोंदींवरून त्यांनी तर्क मांडला, की सुखवस्तू, सुशिक्षित घरांतली नावे काही वर्षांनी इतर घरांत उतरतात, आणि त्यावरून २०१५ साठी दोन याद्या दिल्या. मुलींच्या यादीतल्या एमा आणि अॅव्हा २०१५ मध्ये पहिल्या दहांत होत्या, मुलांच्या यादीतला लिअम दुसरा होता. क्लेमेंटाइन, फिलिपा, वेव्हर्ली मात्र त्या उंचीच्या जवळपासही गेल्या नाहीत. सर्वांत गमतीदार फसगत हार्परची झाली: नाव खरोखरच पहिल्या दहांत पोहोचले, पण त्यांनी ते मुलांच्या यादीत टाकले होते आणि ते ठेवले गेले मुलींना.

अंदाज असा का फसतो याची दोन कारणे आहेत. मॅथ्यू हान आणि अलेक्झांडर बेंटली यांनी २००३ मध्ये दाखवले, की लोक एकमेकांची नावे निव्वळ योगायोगाने उचलतात आणि अधूनमधून एखादे नवे घडवतात, एवढेच गृहीत धरले तरी प्रत्यक्षातल्यासारखीच यादी तयार होते: मूठभर नावे भरपूर जणांची आणि असंख्य नावे एखाद-दुसऱ्याची. म्हणजे एका नादाच्या वीस नावांपैकी नेमके कोणते वर जाईल, यात नशिबाचा वाटा मोठा आहे.

दुसरे कारण आपल्या बाजार समितीत पाहावे. यंदा कांद्याला भाव येणार असे सगळ्यांना कळले, की सगळे कांदाच लावतात आणि सोलापूरच्या आवारात एवढी आवक होते, की तो भाव राहतच नाही. 'हे नाव गाजणार' असे छापून आले, की वेगळेपणा हवा असणारे आईबाप त्यापासून पळतात आणि बाकीचे घाईने उचलतात. अंदाज जाहीर होताच ज्याचा अंदाज केला तीच गोष्ट बदललेली असते. पावसाच्या अंदाजाला ही अडचण नसते, कारण ढग बातम्या वाचत नाहीत.

सोलापूरपुरते बोलायचे तर

चार हुतात्मा पुतळ्यांखालची नावे वाचावीत. १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी गेलेले मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन. आडनाव झाकले तरी यांपैकी बहुतेकांची घरची भाषा किंवा धर्म नुसत्या नावावरून ओळखता येतो. आजच्या आरववरून, कबीरवरून किंवा मायरावरून तसा अंदाज बांधता येत नाही. अर्थ वेगवेगळे सांगितले जातात, पण आयरा आणि इरा, अयान आणि विहान यांचा नाद एकाच काळाचा आहे. मला हा बदल आवडतो, मात्र मल्लव्वा आणि अंबुबाई यांच्यातला ठसका त्यात गेला, हेही नोंदवावेसे वाटते.

नावे आखूडच राहतील असे मला वाटते आणि त्याला एक सरकारी कारणही आहे. १ मे २०२४ आणि त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या कागदपत्रांत आपल्या राज्यात बाळाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असा क्रम लावायचा आहे. आई अन्नपूर्णा आणि वडील मल्लिकार्जुन असतील, तर अर्जातल्या चौकोनांचा विचार करून बाळाला दोन अक्षरांत आटोपणे भाग पडते.

मुलांच्या नावातला 'अंश' आता संपत आला आहे. शिवांश आणि देवांश यांना सरळ अर्थ होता. रेयांश, विवांश यांचा अर्थ इंटरनेटवर शोधावा लागतो आणि दोन ठिकाणी दोन सापडतात. एखाद्या नादात खरे शब्द संपून घडीव शब्द सुरू झाले, की चाक शेवटच्या दात्यावर आले असे समजावे. आमच्या घरात हे बोलून दाखवायची सोय नाही, ते सोडा.

मुलींकडे बऱ्याच काळापासून आकारान्त नावांचे, म्हणजे 'आ' वर संपणाऱ्या नावांचे राज्य आहे. आजच्या बाळांच्या आया पूजा, स्नेहा, प्रियांका आहेत आणि बाळे स्वरा, इरा, मायरा. त्यामुळे पुढच्या आईबापांना 'आ' हा शेवट दोन पिढ्यांचा वापरलेला वाटणार. 'ई' वर संपणारी मालती, शालिनी, नलिनी ही नावे पणजीच्या पिढीत जाऊन पुरेशी विसरली गेली आहेत. ती तशीच परत येतील असे नाही, कारण ती लांब आहेत, पण त्यांचा शेवट परत येईल. सई, ओवी, जुई यांनी सुरुवात केलीच आहे. आमचा रेयांश पहिलीत जाईल त्या जूनमध्ये त्याच्या वर्गाचे आणि शेजारच्या बालवाडीचे हजेरीपत्रक मी बाईंकडे मागणार आहे. पहिलीतल्या मुलींपेक्षा बालवाडीत 'ई' वर संपणाऱ्या मुली जास्त निघाल्या नाहीत, तर माझा अंदाज चुकला असे धरावे.